नावापुढची अक्षरे आणि पहिला पगार

बी.डी.एस.ची इंटर्नशिप संपत आली की घरात एकच विषय चालतो : आता पुढे काय? ४ वर्षे अभ्यास झाला, १ वर्ष इंटर्नशिप झाली, नोंदणी झाली. कायद्याच्या दृष्टीने मुलगी किंवा मुलगा पुरता दंतवैद्य झालेला असतो. तरी मावशीपासून वर्गमित्रांपर्यंत सगळे सांगतात, ‘नुसत्या बी.डी.एस.ला हल्ली कोण विचारतो? एम.डी.एस. करून टाक.’ एम.डी.एस.ला मनासारखा नंबर लागला नाही तर पब्लिक हेल्थची पदवी, हॉस्पिटल मॅनेजमेंट, नाहीतर सरळ परदेश. पदव्या वाढल्या की पगार वाढतो, आणि तो पहिल्या महिन्यापासून वाढतो, हे या सल्ल्यात गृहीतच धरलेले असते. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत, बी.डी.एस.च्या जागा २५ हजारांहून अधिक आणि एम.डी.एस.च्या त्याच्या साधारण चौथाई. म्हणजे दरवर्षी हजारो घरे हा हिशेब मांडतात, त्यातली कित्येक कर्ज काढून. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे किंवा गावाकडचा जमिनीचा तुकडा ज्या हिशेबावर पणाला लागतो, तो निदान एकदा कागदावर तपासायला हरकत नाही.

नव्या दंतवैद्याचा पगार ठरतो कसा, इथून सुरुवात करू. शाळेत किंवा सरकारी कचेरीत लागणाऱ्याला वेतनश्रेणी असते. दाताच्या खासगी दवाखान्यात तसले कोष्टक नसते. बी.डी.एस. झालेली मुलगी एखाद्या चालत्या दवाखान्यात असोसिएट म्हणून लागते तेव्हा मालक महिन्याचा ठरावीक आकडा देऊ करतो, किंवा केलेल्या कामावर टक्केवारी; पुष्कळदा थोडे हे, थोडे ते. ठरावीक आकडा ऐकून आईवडिलांचा चेहरा उतरतो, कारण त्याच वयाचा इंजिनिअर भाऊ किंवा चुलतभाऊ त्याहून जास्त घरी आणत असतो. टक्केवारीचा हिशेब मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. समजा एका पेशंटचे दाढेचे रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप मिळून १०,००० रुपये झाले. मालक आधी लॅबचे बिल वजा करतो, धरू १,५०० रुपये. उरलेल्या ८,५०० वर ३० टक्के, म्हणजे २,५५० रुपये असोसिएटच्या वाट्याला. या हिशेबात पदवीचा रकानाच नाही. तेच काम पब्लिक हेल्थची पदवी घेतलेल्या, एम.बी.ए. झालेल्या किंवा पीएच.डी. करत असलेल्या हाताने केले तरी पेशंट १०,००० च देणार, लॅब १,५०० च घेणार आणि मालक टक्केवारी वाढवणार नाही.

आता तीच दाढ जरा निराळी निघाली असे धरू. वरच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यातल्या गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा एक नाही, दोन नळ्या असतात. दुसरी नळी इतकी अरुंद असते आणि तिचे तोंड असे दडलेले असते की नवख्या माणसाला ती सापडत नाही. दंतवैद्यांच्या बोलण्यात तिला ‘एमबी टू’ म्हणतात. ती राहून गेली की काही महिन्यांनी, कधी वर्षादोन वर्षांनी, तीच दाढ पुन्हा ठणकू लागते आणि पेशंट ‘तुम्हीच केलं होतं ना?’ म्हणत खुर्चीत येऊन बसतो. असे नको म्हणून शहाणा मालक अवघड दाढेच्या आधीच एंडोडाँटिस्टला फोन करतो. हे गृहस्थ किंवा बाई एम.डी.एस. झालेल्या असतात, आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी चार-पाच दवाखान्यांत फिरतात, आपली फाइल्सची पेटी आणि डोळ्यांना लावायची भिंगे बरोबर आणतात, आणि रूट कॅनालच्या फीपैकी मोठा वाटा घेऊन जातात. तो वाटा असोसिएटच्या टक्केवारीहून बराच चढा असतो. म्हणजे पदवीने पैसे वाढले का? वाढले. पण नावापुढे अक्षरे चढली म्हणून ते वाढले नाहीत. जे काम बी.डी.एस.च्या हातून होत नव्हते ते या हातून झाले, म्हणून वाढले.

माझे म्हणणे एवढेच आहे. दंतवैद्यकात पैसे कामाच्या नगावर मिळतात. जादा पदवीमुळे एखादे नवे काम हाती येत असेल, किंवा जिथे बी.डी.एस.ला प्रवेशच नाही अशी एखादी जागा मिळत असेल, तर पहिल्या पगारात फरक दिसतो. या दोन्हींपैकी काही होत नसेल तर पदवी कितीही अवघड, कितीही मोठ्या विद्यापीठाची आणि कितीही खर्चाची असली तरी पहिल्या पगाराला तिचा पत्ता नसतो.

कायदा इथे काय सांगतो हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. दंतवैद्य म्हणून नोंदणी झालेला बी.डी.एस. दंतवैद्यकातले जवळजवळ सगळे काम करू शकतो. रूट कॅनाल, ब्रेसेस, अक्कलदाढ काढणे, इम्प्लांट, यातले कोणतेही काम एम.डी.एस.साठी राखून ठेवलेले नाही. दंत परिषदेची २०१४ ची आचारसंहिता आडवी येते ती वेगळ्या ठिकाणी : मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नसताना स्वतःला त्या विषयाचा तज्ज्ञ म्हणवता येत नाही. म्हणजे काम करायला बंदी नाही, बिरुद लावायला आहे. एम.डी.एस.वाचून खरोखर बंद असणारे दार मुख्यतः महाविद्यालयाचे. तिथे लेक्चरर व्हायचे तर एम.डी.एस. हवेच, बी.डी.एस.ला ट्यूटरपलीकडे जाता येत नाही. मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांच्या जागाही तशाच. बाकी बाजार उघडा आहे, आणि उघड्या बाजारात पदवीपेक्षा हात बोलतो.

म्हणून ‘एम.डी.एस. केल्याने पगार वाढतो का?’ हा प्रश्न असा एकत्र विचारण्यात अर्थ नाही. एम.डी.एस.च्या ९ शाखा आहेत आणि पैशाच्या दृष्टीने ती जणू ९ वेगवेगळी शिक्षणे आहेत. एंडोडाँटिक्स, ऑर्थोडाँटिक्स, मुख व जबड्याची शस्त्रक्रिया या शाखांचा माणूस बाहेर पडल्याबरोबर व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून फिरू शकतो, कारण साध्या दवाखान्याला रोज लागणारी पण रोज न जमणारी कामे त्याच्याकडे असतात. कवळ्या-कॅपांची, हिरड्यांची, लहान मुलांच्या दातांची शाखा मधल्या पायरीवर; इम्प्लांटचे काम वाढल्यापासून यातल्या दोघांचा भाव सुधारला आहे. ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री या शाखांची गोष्ट निराळी. पॅथॉलॉजीवाला तोंडातल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कर्करोग आहे की नाही सांगतो. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या या देशात याहून मोलाचे काम दुसरे क्वचितच असेल. पण त्या स्लाइडचे पैसे देणारा पेशंट दाताच्या दवाखान्यात येत नाही, आणि रुग्णालयात ते काम बहुतेक वेळा एम.डी. पॅथॉलॉजिस्टकडे जाते. मग या शाखांच्या माणसाला उरते ते महाविद्यालय. जोवर नवी महाविद्यालये निघत होती तोवर लेक्चररच्या जागा निघत होत्या. आता ती वाढ थांबल्यासारखी आहे आणि असलेल्या जागा भरलेल्या आहेत. समाजाच्या दृष्टीने गरज मोठी आणि पगार देणारा कोणी नाही, असा हा पेच आहे. त्यात दोष त्या विद्येचा नाही.

विद्यार्थ्यांना हे पुरते कळलेले आहे, हे जागा भरण्याच्या क्रमावरून दिसते. नीट-एम.डी.एस. या प्रवेशपरीक्षेच्या वरच्या क्रमांकांवर ऑर्थो, एंडो, सर्जरी उचलल्या जातात. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत रिकाम्या राहतात त्या मुख्यतः या बिगर-क्लिनिकल म्हणवल्या जाणाऱ्या शाखा. जागा वाया जाऊ नयेत म्हणून पात्रतेचा पर्सेंटाइल खाली आणण्याची वेळ सरकारवर आली, २०२४ मध्येही आली. अभिमत विद्यापीठांच्या फीच्या तक्त्यातही हाच उतार दिसतो : मागणीच्या क्लिनिकल शाखेची फी चढी, पॅथॉलॉजी वा पब्लिक हेल्थची उतरती. पदवीचे नाव दोन्हीकडे एकच, एम.डी.एस. पदवीच्या अक्षरांनाच जर किंमत असती तर अशी दोन दरांची पाटी लागली नसती.

पण चांगल्या शाखेचा एम.डी.एस. तरी फायद्याचा ना, असे कोणी म्हणेल. इथे पहिल्या पगारांची तुलना करताना एक चूक सर्रास होते. बी.डी.एस. झालेली मुलगी २३ व्या वर्षी बाहेर पडते, एम.डी.एस. झालेली २६ व्या किंवा २७ व्या. दोघींचे पहिले पगार शेजारी ठेवून ‘बघा, दुप्पट’ म्हणणे बरोबर नाही. एम.डी.एस.च्या पहिल्या पगारासमोर ठेवायला हवा तो ३ वर्षे काम केलेल्या बी.डी.एस.चा पगार. त्या ३ वर्षांत तिने शेकडो दाढा केलेल्या असतात, तिचे पेशंट तिला नावाने मागू लागलेले असतात, तिची टक्केवारी एकदा तरी वाढलेली असते. अंतर तरीही राहील, पण पहिल्या नजरेला दिसते तेवढे नाही. त्यात खर्च धरा. समजा खासगी महाविद्यालयात वर्षाला ८ लाख फी. ३ वर्षांचे २४ लाख. त्याच काळात असोसिएट म्हणून महिना २५ हजार मिळाले असते असे धरले तर ते ९ लाख हुकले. एकूण ३३ लाख. हे पैसे १० टक्के व्याजाचे मानले तर वर्षाचे व्याजच ३ लाख ३० हजार. आता एम.डी.एस.मुळे सुरुवातीलाच महिना ३० हजार जास्त मिळू लागले, जे काही थोडे नाही, तरी वर्षाला ३ लाख ६० हजार होतात. म्हणजे पहिल्या काही वर्षांची जवळजवळ सगळी वाढ व्याजात जाते आणि मुद्दलाला फारसा हात लागत नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाचे घालून पाहावेत. सरकारी महाविद्यालयात हेच गणित उलटते. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, किंवा मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात एम.डी.एस. करणाऱ्याची फी त्या मानाने नगण्य आणि वर विद्यावेतन. शाखा तीच, अक्षरे तीच, पण एकाला ती जवळजवळ फुकट पडली आणि दुसऱ्याला ३३ लाखांना. ‘एम.डी.एस. परवडते का?’ याचे उत्तर दोघांसाठी एक असूच शकत नाही.

आणखी एक गफलत आहे, ती जरा खोलवरची. ज्यांच्याकडे जादा पदव्या असतात ते पदव्यांवाचूनही इतरांपेक्षा वेगळे असतात. नीटमध्ये वरचा क्रमांक मिळवणारा मुलगा मुळातच चिकाटीचा असतो; खासगी महाविद्यालयाची फी भरू शकणाऱ्या घरात बहुधा वडिलांचा दवाखाना किंवा दवाखाना टाकण्यापुरते भांडवल असते. अशा मुलांची कमाई पुढे चांगली निघाली तर तिचे श्रेय कुठे जमा करायचे, पदवीकडे की घराकडे? पुण्यात कोथरूडला वडिलांच्या चालत्या दवाखान्यात दुसरी खुर्ची टाकून बसलेल्या एम.डी.एस.ची मिळकत पाहून परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलीने कर्ज काढावे, हा सल्ला देणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

सरकारी नोकरीत तरी पदवीला मान असेल असे वाटते. तिथे हिशेब छापील असतो, म्हणून पाहणे सोपे. केंद्र सरकारच्या सेवेत डेंटल सर्जनचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, म्हणजे ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. खासगी प्रॅक्टिस करायची नाही या अटीबद्दल डॉक्टरांना मूळ वेतनाच्या २० टक्के भत्ता मिळतो; सुरुवातीच्या वेतनावर तो ११,२२० रुपये होतो. आणि पदव्युत्तर शिक्षणाबद्दल? आयोगाने केंद्रीय सेवेतल्या डॉक्टरांसाठी तो भत्ता ठेवला पदवीला महिना २,२५०, पदविकेला १,३५०. संध्याकाळी दवाखाना न उघडण्याची किंमत सरकारच्या लेखी ३ वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या पाचपट आहे. यात सरकारची थट्टा करण्याचा हेतू नाही. जागा साध्या डेंटल सर्जनची असेल तर काम तेच राहते, म्हणून पैसेही जवळपास तेच राहतात. सैन्याच्या डेंटल कोअरमध्ये तर निराळीच गंमत. तिथे बी.डी.एस.वरच कॅप्टनच्या हुद्द्यावर प्रवेश मिळतो, मूळ वेतन ६१,३०० पासून, वर सैनिकी सेवेचे वेतन वेगळे. एम.डी.एस. असावेच अशी अट नाही. पण मुलाखतीला बोलावताना गुण पाहतात ते नीट-एम.डी.एस.चे. म्हणजे जी पदवी घ्यायची नाही, तिच्या प्रवेशपरीक्षेने नोकरी मिळते.

हे सगळे आपल्याकडच्या अव्यवस्थेमुळे होते, प्रगत देशांत शिक्षणाची कदर असते, हाही एक ठाम समज. ब्रिटनकडे पाहू. तिथे दंतवैद्यकाचे शिक्षण चालू असताना मध्ये एक वर्ष थांबून विज्ञानाची जोडपदवी घेण्याची प्रथा आहे. काही जण त्याहून पुढे जाऊन संशोधनही करतात. पण पदवीनंतर राष्ट्रीय आरोग्यसेवेत शिरण्यासाठी जे फाउंडेशन प्रशिक्षणाचे वर्ष असते, त्याचा पगार सगळ्यांना एकच. जोडपदवी असो नसो. ते वर्ष संपले की इंग्लंडमध्ये काम मोजले जाते २००६ च्या करारातल्या ‘दंतकामाच्या एककां’वर : तपासणीला १, भरणे-काढणे-रूट कॅनाल या गटाला ३, कॅप-कवळीच्या गटाला १२. एका उपचारात एक दात भरला काय आणि सहा भरले काय, वर्षानुवर्षे एकके ३ च मिळत होती. आरडाओरडा होऊन २०२२ मध्ये त्यात थोडी दुरुस्ती झाली. ही पद्धत वाईट आहे असे तिथले दंतवैद्यच म्हणतात. मात्र आपल्या प्रश्नापुरते तिचे उत्तर स्वच्छ आहे : एककाचा दर दवाखान्याच्या कराराने ठरतो, डॉक्टरच्या पदव्यांनी नाही.

अमेरिकेत तर अक्षरांचा पोकळपणा दीडशे वर्षांपूर्वीच उघडा पडला आहे. तिथे काही विद्यापीठे दंतवैद्याला डी.डी.एस. देतात आणि काही डी.एम.डी. पहिली पदवी बाल्टिमोरच्या महाविद्यालयाने १८४० पासून सुरू केली. हार्वर्डने १८६७ मध्ये दंतशाळा काढली तेव्हा पदव्या लॅटिनमध्ये देण्याची त्यांची रीत असल्यामुळे वेगळी अक्षरे आली. अभ्यासक्रम तोच, परवाना तोच, पगारही तोच. लोक अजून विचारतात की यातली मोठी कोणती. विमा कंपन्याही पदवी पाहून पैसे देत नाहीत. प्रत्येक कामाला ‘डी’ने सुरू होणारा एक संकेतांक आहे आणि बिल त्या संकेतांकावर चुकते होते. याची सर्वांत चांगली कसोटी जबड्याच्या शल्यविशारदांची. अमेरिकेत या शाखेचे प्रशिक्षण काही ठिकाणी ४ वर्षांचे आहे, काही ठिकाणी ६ वर्षांचे, आणि ६ वर्षांच्या मार्गात चक्क एम.डी.ची वैद्यकीय पदवीही मिळते. दोन वर्षे जास्त, आख्खी एक पदवी जास्त. तरी दोन्ही मार्गांचे लोक एकाच बोर्डाच्या परीक्षेला बसतात आणि अक्कलदाढा काढतात, इम्प्लांट बसवतात, तुटलेले जबडे सांधतात ते एकाच संकेतांकाखाली. विद्यापीठात राहायचे किंवा कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियांकडे वळायचे तर एम.डी.चा उपयोग होतो. उपनगरातल्या खासगी दवाखान्यात पहिला करार करताना त्याबद्दल जास्तीचे डॉलर मागायला फारशी जागा नसते.

आपल्याकडची मुले अमेरिकेत जातात तेव्हा त्यांना हे वेगळ्याच रीतीने भेटते. मुंबई-पुण्याहून बी.डी.एस. करून गेलेल्या दंतवैद्याला तिथे बहुतेक राज्यांत थेट परवाना मिळत नाही. २ ते ३ वर्षांचा विशेष अभ्यासक्रम करून त्याला पुन्हा डी.डी.एस. किंवा डी.एम.डी. घ्यावी लागते. त्या मोजक्या जागांवर नंबर लागावा, अर्ज वजनदार दिसावा म्हणून कित्येक जण आधी पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी घेतात. म्हणजे एकूण तीन पदव्या. यातली पहिली तिथे परवान्यापुरती निरुपयोगी, दुसरी रांगेत पुढे सरकण्यासाठी आणि तिसरी खऱ्या अर्थाने पगार देणारी. ही तिसरी पदवी ज्ञानात किती भर घालते हा वादाचा मुद्दा आहे, कारण त्यातले बरेचसे बी.डी.एस.ला शिकून झालेले असते; पण तिच्याशिवाय खुर्चीजवळ उभेच राहता येत नाही, म्हणून तिचा परिणाम पहिल्या पगारावर सर्वांत मोठा. मधल्या पब्लिक हेल्थच्या पदवीचे शुल्क मात्र पुढे कोणताही मालक भरून देत नाही. आणि अमेरिकेतले दंतशिक्षण स्वस्त नाही. तिथल्याच विद्यार्थ्यांवर पदवी घेताना सरासरी ३ लाख डॉलरच्या आसपास कर्ज असते. तिथल्या सर्व दंतवैद्यांचा मध्यम वार्षिक पगार २०२३ मध्ये १ लाख ७० हजार डॉलरच्या घरात होता. नवा माणूस त्याच्या बराच खाली सुरुवात करतो, आणि बाहेरून गेलेल्याला विद्यार्थी-कर्जाच्या सरकारी सवलतीही नसतात.

माझ्या या सगळ्या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. पहिल्या पगारावरून आयुष्याचा हिशेब कशाला? दंतवैद्य तीस-पस्तीस वर्षे काम करतो, चाळिशीत एम.डी.एस.वाला बराच पुढे गेलेला असतो. क्लिनिकल शाखांबद्दल मी हे मान्य करतो. पण कर्जाचा हप्ता चाळिशीची वाट पाहत नाही. पहिल्या पाच वर्षांतला पैसा हाच दवाखाना टाकण्याचा पैसा असतो : खुर्ची, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, जागेचे डिपॉझिट. ज्याचा हा पैसा हप्त्यात जातो तो दवाखाना उशिरा टाकतो, आणि दंतवैद्यकात मोठी वाढ होते ती स्वतःच्या खुर्चीवर, दुसऱ्याच्या नव्हे. म्हणून पहिला पगार वाटतो तितका क्षुल्लक नाही. पुढच्या चढाचा पाया त्यातच असतो.

दुसरे लोक म्हणतात, पेशंटचा विश्वास पदवीवर असतो. पाटीवर एम.डी.एस. पाहून माणूस आत येतो. येतो, हे खरे. पण कोणाच्या दवाखान्यात येतो? नव्या एम.डी.एस.चे नाव बहुधा दुसऱ्याच्याच पाटीवर लागते, ‘व्हिजिटिंग कन्सल्टंट’ या ओळीखाली, आणखी तिघांबरोबर. त्या ओळीमुळे येणारा पेशंट मालकाचा. कन्सल्टंटला मिळतो तो त्या दाढेपुरता वाटा. पदवीच्या विश्वासाचे पैसे पदवीधारकाला मिळायचे तर पाटी त्याची हवी, आणि पाटी त्याची व्हायला काही वर्षे आणि काही लाख लागतात. शिवाय पाटीवर एम.डी.एस.खाली फेलोशिप आणि डिप्लोम्यांची जी रांग दिसते, तिच्यातली बरीच अक्षरे नियामकाच्या मान्यतेची नसतात. गंमत अशी की त्यातला एखादा इम्प्लांटचा साधा हातावरचा कोर्स पगारावर पीएच.डी.पेक्षा जास्त परिणाम करून जातो, कारण तो करून आलेला माणूस सोमवारी एक नवे काम करू शकतो. अर्थात कोर्स खरोखर हातावरचा असेल तर. दोन दिवस प्लॅस्टिकच्या जबड्यावर भोके पाडून मिळालेल्या प्रमाणपत्राचे मालकाला काही कौतुक नसते, आणि पेशंटच्या जबड्याला त्याहून कमी.

विद्या पैशासाठी घ्यायची का, हा तिसरा आक्षेप मी वाद न घालता बाजूला ठेवतो. ज्याला स्लाइड पाहण्यात रस आहे, ज्याला मेळघाटातल्या मुलांच्या दातांची पाहणी करायची आहे, त्याने ती पदवी जरूर घ्यावी. त्याला निदान कोणी चढ्या पगाराचे आमिष दाखवू नये, इतकेच.

आमिषाची पारख करायची एक जागा उपलब्ध आहे आणि फार थोडे पालक तिथे जातात. केंद्र सरकारच्या एन.आय.आर.एफ. क्रमवारीत २०२० पासून दंत महाविद्यालयांचा स्वतंत्र गट आहे. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती सादर करावी लागते आणि ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पत्रकात पदवीच्या आणि पदव्युत्तरच्या तुकडीतले किती विद्यार्थी बाहेर पडले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरीला लागलेल्यांचा मध्यम वार्षिक पगार किती, हे रकाने असतात. आकडे संस्थेने स्वतः दिलेले असतात, ९ शाखा त्यात एकत्र मिसळलेल्या असतात आणि स्वतःचा दवाखाना टाकणारे मध्यम पगारात धरलेले नसतात. तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखे ते नाहीत. पण ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा, त्याच्या पत्रकातला बी.डी.एस.चा आणि एम.डी.एस.चा मध्यम पगार शेजारी मांडून, त्यातला फरक फीच्या पावतीशी ताडून पाहता येतो. मग समुपदेशनाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येतो : हा एकत्र आकडा झाला, आमच्या शाखेच्या गेल्या तुकडीतले सगळे आज कुठे आहेत, आणि त्यातले किती जण तुमच्याच महाविद्यालयात लेक्चरर आहेत?